पेल्यावर नजर कोणी ठेवायची?

“ग्लास टेबलावर सोडून उठू नकोस. उघडलेली बाटली कोणी हातात दिली तर घेऊ नकोस. वॉशरूमला जाऊन आलीस की आधीचं पिऊ नकोस, नवीन मागव.” ही वाक्यं आपल्या मंडळातल्या बहुतेक मुलींना पाठ असतील. कोणाला आईने सांगितली असतील, कोणाला मोठ्या बहिणीने, कोणाला हॉस्टेलच्या सिस्टरनी. वर्गातल्या मुलांना मी मुद्दाम विचारलं, तर त्यांच्यापैकी एकालाही ती कोणी कधी सांगितलेली नव्हती. एक जण म्हणाला, “आम्हाला फक्त पिऊन गाडी चालवू नको एवढंच सांगतात.”

सल्ला चुकीचा नाही. मी तो पाळते, तुम्हीही पाळा. माझं भांडण सल्ल्याशी नाहीच, तो जिथे थांबतो त्या जागेशी आहे. पेल्यात कोणी काही मिसळू नये म्हणून जी काही व्यवस्था लागते ती सगळी एका मुलीच्या दोन डोळ्यांवर सोपवायची आणि बाकीच्यांनी मोकळं व्हायचं, असं चाललंय. ज्याच्या टेबलावर तो पेला आहे तो हॉटेलवाला मोकळा, ज्याने त्याला लायसन दिलं ते खातं मोकळं, शेजारच्या टेबलावरचे मोकळे. आणि ज्याच्या खिशात गोळी आहे त्याचं तर नावच या वाक्यांत कुठे येत नाही. पुन्हा वाचून बघा. तिन्ही वाक्यांचा कर्ता “तू” आहे.

सुलतान बाजारात राहून हिला हा विषय कसा सुचला, असं कोणाला वाटेल. पबसाठी सुलतान बाजारात कोणी येत नाही. इथे लोक येतात ते साड्यांना, बांगड्यांना, पुस्तकांना, लग्नाच्या बस्त्याला. पब सगळे ज्युबिली हिल्स नाहीतर गच्चीबोलीकडे. पण पेला सोडून जायला पबच लागतो असं नाही. ज्यूस सेंटरच्या फळीवर अर्धा ग्लास मोसंबी ठेवून समोरच्या गाडीवरची ओढणी बघायला आपण जातोच की. इराण्याकडे फोन आला की कप तसाच ठेवून बाहेर रस्त्यावर जाऊन बोलतो. आणि ज्या इमारतीवरून मला हे सगळं सुचलं ती या बाजाराला खेटूनच उभी आहे: कोटीची रेसिडेन्सी. सुलतान बाजारला पूर्वी रेसिडेन्सी बझार म्हणायचे ते याच इमारतीमुळे. निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट तिथे राहायचा. आज तिथे मुली शिकतात. आता ते महिला विद्यापीठ झालंय, पण ऑटोवाल्याला अजूनही विमेन्स कॉलेजच सांगावं लागतं.

रेसिडेंटच्या सोडून ठेवलेल्या पेल्याची एक गोष्ट आपल्या इतिहासात आहे. ती हैदराबादची नाही, बडोद्याची. तिथे मल्हारराव गायकवाड गादीवर होते आणि रेसिडेंट होते कर्नल रॉबर्ट फेर. दोघांचं अजिबात पटत नव्हतं. फेरसाहेब रोज पहाटे फिरायला जायचे. ते परत यायच्या आत नोकर त्यांच्या खोलीतल्या हात धुण्याच्या टेबलावर पपनसाच्या सरबताचा पेला ठेवून द्यायचा. रोजचा नेम. म्हणजे रोज सकाळी काही वेळ तो पेला त्या खोलीत एकटाच असायचा, आणि रेसिडेन्सीतल्या प्रत्येक चपराशाला ते माहीत होतं.

9 नोव्हेंबर 1874 ला साहेब फिरून आले आणि दोन-तीन घोट घेतले. थोड्याच वेळात मळमळ, चक्कर. आधी त्यांना वाटलं पपनसच खराब असेल, म्हणून त्यांनी उरलेलं सरबत खिडकीतून बाहेर ओतून दिलं. पेला खाली ठेवताना तळाला काळसर गाळ दिसला. मग मात्र त्यांनी पेला धुवायला दिला नाही. रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड यांना बोलावून तो त्यांच्या हाती दिला. त्यात सोमल निघाला, म्हणजे आर्सेनिक. बाहेर ओतलं होतं त्या जागेवरची खरवड आणि पेल्यातला गाळ मुंबईच्या सरकारी रासायनिक परीक्षकांकडे गेला. तिथेही सोमल, आणि शिवाय काहीतरी चकाकणारी कठीण पूड. ती हिऱ्याची आहे, महाराजांनीच दिली आहे, असा आरोप झाला.

पुढचं बऱ्याच जणांनी वाचलं असेल. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला गेले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी माफीचा साक्षीदार झाला. पुडी मीच टाकली, असं तो म्हणाला. जमादार नरसू अडकला. बटलर पेद्रो डिसोझाचंही नाव आलं, पण त्याने विषाची गोष्ट शेवटपर्यंत नाकारली. (हे नाव वाचताना आमच्या घरात सगळ्यांचे कान टवकारतात. इतिहासात आपला माणूस सापडला, तो नेमका बटलर आणि तोही संशयित!) जानेवारी 1875 मध्ये महाराजांना अटक झाली आणि सहा जणांचं कमिशन बसलं. कलकत्त्याचे चीफ जस्टिस सर रिचर्ड काउच अध्यक्ष, त्यांच्यासोबत दोन इंग्रज अधिकारी, शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि आपले सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूने सार्जंट बॅलंटाइन नावाचा बडा बॅरिस्टर थेट इंग्लंडहून आला. निकाल तीन विरुद्ध तीन लागला. तिन्ही इंग्रजांना गुन्हा शाबीत वाटला, तिन्ही हिंदुस्थानी सभासदांना वाटला नाही. शेवटी सरकारने मल्हाररावांना पदच्युत केलं ते गैरकारभाराच्या नावाखाली, आणि मद्रासला पाठवलं. कमिशनमधले सर रिचर्ड मीड पुढे रेसिडेंट होऊन आमच्या कोटीच्या या इमारतीत राहायला आले. सकाळचं सरबत त्यांनी कुठे ठेवायला सांगितलं असेल कोण जाणे.

मल्हारराव दोषी होते की त्यांना अडकवलं यावर मी मत देणार नाही, त्यावर मोठमोठे लोक आजही वाद घालतात. मला या खटल्यातली जी गोष्ट टोचते ती अशी. या सगळ्या प्रकरणाविषयी मी जे वाचलंय त्यात फेरसाहेबांवर टीका भरपूर आहे. उर्मट होते, महाराजांचा द्वेष करायचे, कान हलके होते. पण “साहेब, तुम्ही पेला असा उघडा टाकून फिरायला गेलातच कसे?” असं त्यांना कोणी फैलावर घेतलेलं मला आढळलं नाही. चौकशी झाली ती पेल्यापर्यंत कोणाकोणाला पोचता येत होतं याची. खोलीत कोण आलं, पुडी कुठून आली, कोणी पैसे दिले, कोणाला पाठवलं. एका राज्याची गादी हलली. पण ज्याचा पेला होता त्याला त्या पेल्यावरून कोणी जाब विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

आता त्याच जागी एकवीस वर्षांची मुलगी ठेवा. पहिला प्रश्न, ग्लास सोडून का गेलीस. दुसरा, काय पीत होतीस. तिसरा, सोबत कोण होतं. चौथा, घरी माहीत होतं का. खोलीत कोण आलं होतं हा प्रश्न पाचव्या-सहाव्या नंबरला, तोवर तिच्यात उत्तर द्यायची ताकद उरली तर.

हा फरक पेल्यामुळे पडत नाही, पिणारा कोण आहे यावरून पडतो. हे नीट बघायचं असेल तर काचीगुडा स्टेशनवर जा. नांदेड-मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या आपल्यातले बरेच जण तिथूनच धरतात. अनोळखी माणसाने दिलेलं काही खाऊ-पिऊ नका, ही रेल्वेची सूचना आपण लहानपणापासून ऐकतोय. चहात नाहीतर बिस्किटात गुंगीचं औषध घालून प्रवाशाला लुटायचं, हा धंदा रेल्वेहूनही जुना. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना धोतऱ्याचं बी घातलेलं अन्न देऊन लुटायचे; त्या काळच्या इंग्रज डॉक्टरांनी त्यावर पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. पण गाडीत बेशुद्ध सापडलेला माणूस शुद्धीवर आला की त्याच्याविषयी आपण काय म्हणतो? “बिचारा.” किती नेले, कोण होते ते. फार तर भोळा म्हणतो. त्याच्या चारित्र्याची चौकशी कोणी करत नाही, आणि उद्यापासून तुझा प्रवास बंद असंही कोणी म्हणत नाही.

ताडीचंही सांगायला हवं. तिच्याशिवाय हैदराबादेत हा विषय अपुरा राहील. इथे तिला कल्लू म्हणतात आणि ती विकणाऱ्या जागेला कल्लू कंपाऊंड. झाडं कमी आणि पिणारे जास्त झाले की पाण्यात साखरेची पावडर आणि गुंगीची औषधं कालवून नशा तयार करतात. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम. 2015 मध्ये कारवाई होऊन असा माल अचानक मिळेनासा झाला तेव्हा निजामाबादकडे लोकांना झटके येऊ लागले आणि दवाखाने भरले, कारण शरीराला औषधाची सवय लागली होती आणि आपण औषध पितोय हे त्यांना माहीतच नव्हतं. जुलै 2025 मध्ये कुकटपल्लीला अशीच भेसळीची ताडी पिऊन माणसं मेली. नमुन्यांत अल्प्राझोलाम निघालं. मजुरी करून आलेल्या माणसाने आपला पेला एक क्षणही नजरेआड केला नव्हता. त्याच्या समोरच ओतला होता. मग त्याला काय सांगायचं? “नजर ठेव”?

म्हणूनच मला वाटतं की नजर ही फार तोकडी वस्तू आहे. अल्प्राझोलामसारखी गोळी कुटून टाकली तर रंगाच्या, गोड, थंड पेयात ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. रोहिप्नॉल नावाच्या झोपेच्या गोळीची जगभर बदनामी झाली तेव्हा कंपनीने नव्वदच्या दशकात तिच्यात निळा रंग घातला, म्हणजे पेय निळं पडेल. पण गडद रंगाच्या पेयात आणि पबच्या त्या उजेडात निळं काय नि काळं काय. शिवाय या बाबतीत सगळ्यात सोपं मिळणारं औषध म्हणजे दारूच. कोकमध्ये गुपचूप व्होडका, एकाच्या जागी दोन पेग. त्यासाठी कोणाला फार्मसीत जावं लागत नाही.

आणि हे करणारे सगळे सिनेमातले खलनायक नसतात, हे आपण आपापसात तरी बोलू या. “अरे, ती पीतच नाही, जरा गंमत करू,” हे वाक्य फेअरवेलच्या आसपास मी ऐकलेलं आहे, चांगल्या घरच्या, चांगले मार्क मिळवणाऱ्या मुलांच्या तोंडून. त्यांच्या माहितीसाठी: भारतीय न्याय संहितेचं कलम 123. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं 328 होतं, 1 जुलै 2024 पासून नवा नंबर लागला. इजा करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने, किंवा इजा होण्याची शक्यता आहे हे माहीत असताना, कोणाला विष, गुंगीचं औषध किंवा नशा आणणारी वस्तू दिली तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. “नशा आणणारी” हा शब्द त्यात आहे. पुढे काही झालं नाही तरी कलम लागू शकतं. आणि नशेमुळे किंवा गुंगीमुळे आपण कशाला हो म्हणतोय हेच जिला कळत नव्हतं, तिचा होकार कायदा होकार मानत नाही. हे कलम 63 मध्ये स्वच्छ लिहिलंय.

गेल्या वर्षी एका महाविद्यालयात महिला सुरक्षेवर सत्र होतं. आम्ही काही जणी गेलो होतो. दीड तास मुलींना पेला कसा धरायचा, तळहाताने कसा झाकायचा, हे दाखवलं गेलं. मुलांना त्या वेळात सुट्टी होती, ते ग्राउंडवर क्रिकेट खेळत होते. खिडकीतून त्यांचा आवाज येत होता. कलम 123 दीड तासात एकदाही उच्चारलं गेलं नाही. मला त्या सत्रात बसवलं यात काही वाटत नाही, पण ज्यांना बसवायला हवं होतं ते बाहेर बॅटिंग करत होते.

फेरसाहेबांच्या गोष्टीतून घेण्यासारखं एक आहे, ते म्हणजे त्यांनी पेला धुवू दिला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मैत्रिणीला अचानक बरं वाटेनासं झालं की आपण आधी तिला झोपवतो, तोंडावर पाणी मारतो, कपडे बदलतो, लिंबूपाणी देतो आणि “सकाळी बघू” म्हणतो. एक-दोन घोटांतच किंवा एकाच ड्रिंकनंतर कोणी चार ड्रिंक झाल्यासारखं बोलायला, तोल सोडायला, मध्येच काही आठवेनासं व्हायला लागलं, तर ते झोपवून ठेवण्याचं दुखणं नाही. एकटं सोडू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, उलटी श्वासनळीत जाऊ नये म्हणून. 112 ला फोन करा किंवा सरळ दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना संशय स्पष्ट शब्दांत सांगा, कारण सांगितल्याशिवाय ती तपासणी होत नाही. काही औषधं लघवीतून साधारण बारा तासांत नाहीशी होतात, रक्तातून त्याआधीच. झोपेच्या गोळ्यांचे अंश जास्त दिवस राहतात. म्हणून लघवीचा नमुना जितका लवकर देता येईल तितका बरा. पेला, बाटली, स्ट्रॉ जे असेल ते तसंच बाजूला ठेवा, किती वाजता काय झालं ते फोनवर लिहून ठेवा. कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, आमची हद्द नाही हे कारण चालत नाही. आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर कुठल्याही दवाखान्याला, सरकारी असो की खासगी, तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात.

आता हॉटेलवाल्याकडे येते. आपल्या घरांतून पाण्याचा तांब्या कसा ठेवलेला असतो ते आठवा. वर फुलपात्र पालथं घातलेलं. आजीच्या घरी पाहुणा आला की तांब्या तसाच झाकून पुढे यायचा. ते झाकण कोण घालायचं? ज्याचं घर आहे तो. पाहुण्याने येताना स्वतःचं झाकण आणावं किंवा रात्रभर तांब्याकडे डोळे लावून बसावं, अशी अपेक्षा कोणत्याही मराठी घरात कधी नव्हती. मिस्सेच्या वेळी वेदीवरच्या चषकावरही एक चौकोनी कडक कापड ठेवलेलं असतं, माशी-धूळ पडू नये म्हणून. ते फादर ठेवतात, बाकांवर बसलेले आम्ही नाही. संत बेनेडिक्टच्या पदकावर फुटलेला पेला कोरलेला असतो. मठातल्याच लोकांनी त्यांना विष घातलेला द्राक्षरस दिला, त्यांनी आशीर्वादाची खूण केली आणि पेला तडकला, अशी आख्यायिका आहे. ते संत होते. माझ्या खुणेने पेला तडकत नाही, मला वेटर लागतो.

आणि वेटरने, म्हणजे त्याच्या मालकाने, काय करावं हे काही अवघड नाही. टेबल रिकामं दिसलं आणि ग्लास अर्धा दिसला तर तो झाकावा. झाकण नसेल तर बशी चालेल. “माझं ड्रिंक बदलून द्या” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कारण न विचारता नवीन द्यावं, त्याचा खर्च एखाद्या ग्लासाचा. बारच्या काउंटरवर आणि दारात कॅमेरा चालू हवा, नुसता लटकलेला नको. सगळ्यात महत्त्वाचं, धड चालता न येणाऱ्या मुलीला “मी हिचा फ्रेंड आहे” म्हणणाऱ्याच्या हवाली करून टॅक्सीचं दार उघडून देऊ नये. तिचं नाव विचारा त्याला. तिच्या फोनवरून घरच्या कोणाला तरी लावा. हे स्टाफला शिकवल्याशिवाय लायसनचं नूतनीकरण होऊ नये, असं मला वाटतं. आग विझवायचं नळकांडं भिंतीवर नसेल तर जसा प्रश्न येतो तसाच इथेही यावा.

मालक म्हणतील, शनिवारी रात्री दोनशे लोक असतात, आम्ही कुठे कुठे बघणार? दोनशे लोकांनी बिल न देता जाऊ नये यावर मात्र त्यांची बरोबर नजर असते.

उपकरणांवर माझा फार विश्वास नाही. 2014 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या चार विद्यार्थ्यांनी पेयात बोट बुडवलं की रंग बदलेल असं नेलपॉलिश करायचं जाहीर केलं होतं. जगभर कौतुक झालं, पण ते नेलपॉलिश बाजारात काही आलं नाही. आलं असतं तरी पुन्हा बोट मुलीचंच. त्यापेक्षा इंग्लंडमधल्या लिंकनशायरची कल्पना मला बरी वाटते. 2016 मध्ये तिथे सुरू झाली. बारमध्ये असुरक्षित वाटलं तर काउंटरवर जाऊन “अँजेला आहे का?” विचारायचं, की स्टाफ तुम्हाला गुपचूप बाहेर काढतो. मात्र 2024 मध्ये बीबीसीच्या लोकांनी लंडनमध्ये ठिकठिकाणी जाऊन असं विचारून पाहिलं, तेव्हा अर्ध्याहून अधिक ठिकाणी स्टाफला काही कळलंच नाही. म्हणजे वॉशरूममध्ये पोस्टर लावणं सोपं, रोज बदलणाऱ्या पोऱ्यांना शिकवणं अवघड. आपल्याकडे तर पोस्टरवरच काम संपतं.

या सगळ्यात ज्याची मला खरी भीती वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. समजा असं काही घडलं, तर आपल्यातल्या किती जणी घरी सांगतील? सांगितलं की पहिला परिणाम गुन्हेगारावर होत नाही, आपल्या बाहेर जाण्यावर होतो. हॉस्टेलची वेळ नऊवरून सातवर येते. धाकट्या बहिणीचं ट्रिपला जाणं बंद होतं. ज्याने पुडी टाकली त्याला हे पुरेपूर माहीत असतं, तिच्या गप्प बसण्यावरच त्याचा सगळा हिशोब चालतो. त्यात आमच्यासारख्या मुलींना एक जादा ऐकावं लागतं: “तुमच्यात चालतंच की.” आमच्या घरी नाताळला वाइन असते, प्रत्येकाला बोटभर, केकसोबत. तेवढ्यावरून ख्रिस्ती मुलीला गुंगी आली तर ती गोळीने नाही, सवयीनेच आली असं समजणारे लोक आहेत, सुशिक्षित आहेत आणि मराठी छान बोलतात. मला दारू प्यायला आवडते की नाही हा या लेखाचा विषय नाही, आणि तक्रार लिहून घेणाऱ्याचाही नसावा. फेरसाहेबांना “रोज सरबत का लागतं?” असं विचारलं असतं तर ते हसले असते.

हैदराबादेत 2014 पासून शी टीम्स आहेत आणि साध्या कपड्यांतले पोलीस बाजारात, बसस्टॉपवर फिरतात. त्यांच्याविषयी मी बरंच चांगलं ऐकलंय. पण त्या पथकापर्यंत पोचायच्या आधी आपल्याला एकमेकींपर्यंत पोचावं लागतं, आणि घरी कळेल या धाकाने तिथेच गाडी अडते. पालकसभेत याविषयी बोलायला कोणी उभं राहणार असेल तर मी सोबत येईन. “मुलीला जाऊ देऊ नका” याऐवजी “मुलीने सांगितलं तर तिचं जाणं बंद करू नका,” एवढंच मागायचं आहे.

आणि आपल्या मंडळापुरतं बोलायचं तर वार्षिक संमेलनाला दरवर्षी सरबताचं मोठं पातेलं व्हरांड्यात उघडं असतं, त्यात एक डाव, शेजारी कागदी पेल्यांची उतरंड. कोणीही येतं, ढवळतं, घेतं, जातं. या वर्षी त्यावर झाकण हवं, आणि वाढायला दोघं कायम उभे हवेत, कार्यक्रम संपेपर्यंत, कविता कितीही चांगली चालू असली तरी. पहिल्या तासाला माझं नाव लिहून घ्या. दुसरं नाव मुलाचं असावं. सचिवांनी यादी लावली की मी बघीनच.